अळीच्या गेमची वाटणी

कनेरगाव नाक्यावर प्रभू मस्केशी गोड बोलून काम करून घेतलं असं कुणी सांगत असेल, तर तो थापा मारतो आहे असं खुशाल समजावं. प्रभूचं दुरुस्तीचं दुकान वाशीमकडं जाताना डाव्या हाताला लागतं. टीव्ही न्या, मिक्सर न्या, फवारणीचा बॅटरीपंप न्या. हा आधी तुमची अक्कल काढणार आणि मगच वस्तूचं झाकण. “याच्यात पानी कोनं घातलं? पानी घालायची वस्तू हाय का ही?” गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकून घेतं, कारण आजूबाजूच्या गावांत असा हात दुसरा नाही. हे प्रभूला ठाऊक आहे आणि त्यानं त्याचा आयुष्यभर गैरफायदा घेतला आहे.

दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, त्याच्या थोरल्या भावाचं, भारतचं, चहाचं हॉटेल. सत्तावीस वर्षं प्रभूनं त्या हॉटेलात पाय ठेवला नव्हता. सकाळी शटर उचललं की तो खुर्ची अशी मांडायचा, की पाठ नेमकी हॉटेलकडं यावी. चहाची तल्लफ आली की तीनशे पावलं उन्हातून चालत पलीकडच्या धाब्यावर जायचा. तिथला चहा भिकार आहे, आणि तो भिकार असल्याचं तिथल्या मालकाला रोज ऐकवून यायचा.

भावाभावांचं वैर आपल्याकडं नवं नाही. बांधावरून होतं, विहिरीवरून होतं, बायकांमुळं होतं असं तर सगळे पुरुष सांगतात. या दोघांचं झालं एका व्हिडिओ गेमवरून. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. नाक्यावरचे जुने लोक हसत नाहीत, कारण त्यांच्यापैकी चौघं त्या भांडणात पंच होते आणि त्यांनी जो निवाडा दिला त्याची त्यांना अजून लाज वाटते.

एकोणनव्वद साली दोघं भाऊ हैदराबादला जाऊन ती पेटी घेऊन आले. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, आत टीव्हीची नळी, पुढं एक दांडी आणि एक लाल बटण. आतला हिरवा बोर्ड परदेशात बनलेला, तिकडं आठ-दहा वर्षं वापरून टाकून दिलेला. वाशीमला परतणाऱ्या एका ट्रकवर पेटी आडवी बांधली आणि प्रभू रात्रभर तिच्यावर हात टाकून बसला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि दुनियेत त्याला आपला दादा सोडून कुणी शहाणं वाटत नव्हतं.

पेटी भारतच्या हॉटेलात, भट्टीपासून लांबच्या कोपऱ्यात उभी राहिली. पडद्यावर वरून किड्यांच्या रांगा वळवळत खाली यायच्या, खाली एक छोटी गाडी, ती डावी-उजवीकडं पळवत किडे टिपायचे. गेमला इंग्रजी नाव होतं, ते कुणी वाचलं नाही. पहिल्याच दिवशी एक कापूसवाला शेतकरी पडद्याकडं बघून म्हणाला, “ही तर अळी हाय.” झालं. तेव्हापासून तो अळीचा गेम, आणि खेळायला जाणं म्हणजे फवारणीला जाणं. ट्रकवाले, एसटीची वाट बघणारे, कॉलेजची पोरं, शाळेला दांडी मारलेली लेकरं, सगळे फवारणीला यायचे. काही डांबरट पोरं गॅसच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीत मारून फुकट डाव मिळवायची. प्रभूनं फटीच्या आत पत्रा बसवून तो धंदा बंद केला आणि दोघांच्या कानाखाली जाळही काढला.

लाइट गेली की पेटी सगळे आकडे विसरायची, आणि लाइट रोज जायची. म्हणून सर्वात मोठा आकडा भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटनं लिहायचा असं ठरलं. नियम एकच होता: आकडा पडद्यावर असताना दोन माणसांनी पाहिला पाहिजे आणि ती दोघं खेळणाऱ्याची नातलग नकोत. सहीसाठी तहसीलला साक्षीदार लागतात, तर इथंही लागतील, असं भारतच म्हणाला होता.

भिंतीवर पहिल्या वर्षापासून एकच नाव राहिलं. प्रभूनं बोर्ड शंभरदा सोडवून, पुसून, जोडून पाहिला होता. कोणती रांग कधी वाकते, कोपऱ्यातली अळी किती मोजल्यावर सुटते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. प्रभू, ८६,३४०. त्याच्या सर्वात जवळ पोचलेला माणूस पंचावन्न हजारांवर मेला. लांबून लोक येऊन भारतला विचारायचे, “प्रभूभाऊचा गेम इथंच हाय ना?” हॉटेल भारतचं, चहा भारतचा, कोपरा भारतचा, आणि गेम प्रभूभाऊचा. भारत मान हलवून कोपरा दाखवायचा.

सत्त्याण्णवच्या पोळ्याला भांडण झालं. सगळी माणसं बैलांच्या मागं गावात गेलेली, नाका ओस. प्रभूही गावात होता. संध्याकाळी परत आला तर भिंतीवर त्याच्या नावाच्या वर ओला रंग चमकत होता: भारत, १,१२,०००.

प्रभू आधी हसला. मग त्यानं विचारलं, “पडद्यावर आकड्याला घरं पाच हायेत दादा. लाख कुठं दिसला तुला?”

“नव्व्याण्णव हजाराच्या पुढं गेलं की शून्यावर येतं,” भारत म्हणाला. “मंग पुन्हा बारा हजार केले.”

“पाह्यलं कोनं?”

“कोन पाहील? पोळा हाय.”

“मंग तू बारा हजारावर मेला आन् वरचा लाख घरून आनला.”

हे तो हळू बोलला असता तर कदाचित निभावलं असतं. पण तोवर गावातून परतलेली वीस-पंचवीस माणसं चहाला टेकली होती आणि प्रभूला हळू बोलता येत नाही. त्यानं दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि सगळ्यांच्या देखत भावाचं नाव भिंतीवरून घासून काढलं. घासताना “खोटारडा” हा शब्द त्यानं किती वेळा म्हटला ते त्यालाही आठवत नाही. भारतची बायको यशोदाबाई आतून आली, चार वर्षांच्या रागिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “माझ्या लेकराची आन हाय. ह्यायनं म्हनलं ना लाख, तर लाखच.” तिनं काही पाहिलं नव्हतं. नवऱ्याचा शब्द हेच तिचं पाहणं होतं.

मग पंच बसले. या चौघांनी आजवर जमिनी वाटल्या होत्या, विहिरी वाटल्या होत्या, एकदा तर एक आंब्याचं झाड सालाआड वाटून दिलं होतं. त्यांनी आधी विहिरीसारखी पाळी लावली: एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. तिसऱ्याच दिवशी पेटी कुणी बंद करायची यावरून मारामारी झाली. तेव्हा पंचांतला एक वैतागून म्हणाला, “हे चालतं कशानं?”

“आतल्या बोर्डानं,” प्रभू म्हणाला.

“आन् दिसतं कशात?”

“पेटीत,” भारत म्हणाला.

“मंग बोर्ड धाकट्याला, पेटी थोरल्याला. मिटलं.”

असा निवाडा दिला शहाण्यांनी. अर्धी वस्तू एकाला, अर्धी दुसऱ्याला, आणि चालती वस्तू कुणालाच नाही. दोघा भावांनी मान डोलावली, कागदावर सह्या केल्या. प्रभूनं तिथंच स्क्रू काढून बोर्ड काखेत मारला आणि रस्ता ओलांडला. प्रभूला दुसरी पेटी मिळाली असती, भारतला दुसरा बोर्ड मिळाला असता; हैदराबाद काही समुद्रापलीकडं नव्हतं. पण दुसरा अर्धा विकत घेणं म्हणजे आपला अर्धा अपुरा आहे हे कबूल करणं, आणि ते मस्क्यांच्या रक्तात नाही.

आता ती गोष्ट, जी प्रभूनं इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

दोन हजार दोन साली कुठल्याशा बंदचा दिवस होता. बाजार बंद, रस्ता रिकामा. अर्धं शटर ओढून प्रभूनं बिस्किटांच्या डब्यातून बोर्ड काढला, टेबलावर एका जुन्या टीव्हीला जोडला, भंगारातली दांडी आणि बटण लावलं. पाच वर्षं नाक्यावर दोन तट होते. बहुतेक लोक प्रभूच्या बाजूचे, तरी भारत उगाच कशाला खोटं बोलेल असं म्हणणारे पाच-सहा जण होतेच. त्यांची तोंडं एकदाची बंद करायची होती. आकडा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वदवर गोठतो हे पाहायचं आणि चार माणसं बोलावून दाखवायचं, एवढाच त्याचा बेत होता.

तीन तास तो खेळला. खांदा भरून आला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वदनंतर एक अळी मेली आणि पडद्यावर पाच शून्यं आली. अळ्या तशाच वळवळत होत्या, गाडी तशीच चालत होती, आणि आकडा शून्यापासून वर चढायला लागला. प्रभू सहा हजारांपर्यंत खेळला, मग त्यानं हात काढून घेतला आणि अळ्यांना गाडी खाऊ दिली.

त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल? पश्चात्ताप, असं सांगायला बरं दिसलं असतं. त्याला भावाचा संताप आला. दादा खरा निघाला याचा संताप, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त कडू होता. खोट्या माणसाचा राग धरायला हक्क लागत नाही. खऱ्या माणसाचा राग धरायचा तर रोज स्वतःला काहीतरी बहाणा द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तो सांगायला निघाला होता, हेही खरं. अर्धा रस्ता ओलांडला. तेवढ्यात यशोदाबाई भांड्यांचं खरकटं पाणी टाकायला बाहेर आली. पाणी त्याच्या पायाशी पडलं. “खोटारड्याच्या दारात काहून येऊन राहिले, भाऊजी?” ती म्हणाली. प्रभू तसाच मागं फिरला. पुढं बावीस वर्षं त्यानं त्या खरकट्या पाण्यावर सगळं ढकललं. ती वर्षं जाताना नाक्यावर लोक भारतला ‘लाखवाला’ म्हणायला लागले. पोरांना तो कुठला लाख ते माहीतही नव्हतं, पण ती म्हणायची. प्रभू ऐकायचा, पाठ फिरवलेल्या खुर्चीतून, आणि एकदाही त्यानं कुणाला गप केलं नाही. दोन हजार पंधरा साली यशोदाबाई गेली. प्रभू मातीला गेला नाही. शटर मात्र त्या दिवशी त्यानं उघडलं नाही आणि बायकोनं कारण विचारलं तर तिच्यावर खेकसला.

या संक्रांतीला भारतला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून वाशीमहून परत आलेली रागिणी हॉटेल चालवायला लागली. ती बापाची लेक असली तरी स्वभाव काकाचा आहे असं लोक म्हणतात, अर्थात दोघांच्याही माघारी.

मार्चमध्ये एका दुपारी ती रस्ता ओलांडून प्रभूच्या दुकानात आली. बसली नाही.

“काका, बोर्ड पायजे.”

“कोनता बोर्ड?”

“तुमाला ठाऊक हाय.”

“इथं वस्तू दुरुस्त व्हतात. वाटल्या जात न्हाईत.”

“वाटायचं काम तुमी दोघायनं कवाच केलं.” रागिणीनं खालचा ओठ दातात धरला, सोडला. “हिंगोलीच्या व्यायामवाल्या बाई म्हनल्या, हाताला आवडीचं काम द्या. मी चेंडू दिला, कनीक दिली मळायला. हात हलत न्हाई. पेटीवरचा कपडा काढून दांडीवर हात ठेवला की बोटं हलतात. रोज हलतात.”

“मंग हलवू दे.”

“बंद पेटीम्होरं मानूस किती दिस हात हलवील?”

“ते मला काय इचारतीस?”

“आई मेली तवा तुमी आले न्हाई. मी तुमच्या दारात कवाच आले नसते.”

“मंग आली काहून?”

“बाबाला शर्टाचं बटन लावता येत न्हाई म्हनून.”

प्रभू टेबलावरच्या मिक्सरशी खाटखूट करत राहिला. “बोर्ड खराब झाला. उंदरानं खाल्ला,” तो म्हणाला. रागिणीनं मान वर करून पाहिलं. सर्वात वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा होता, आणि अख्ख्या दुकानात धूळ नसलेली ती एकच वस्तू होती. मग ती गेली.

प्रभूला भीती वाटत होती, आणि कशाची ते त्याला स्वच्छ ठाऊक होतं. पेटी चालू झाली की नाक्यावरची पोरं तिला चिकटणार. मोबाइलवर अंगठे झिजवलेली ती पोरं. आठ दिवसांत कुणीतरी लाख ओलांडणार. दहा जणांच्या देखत आकडा शून्यावर येणार. मग सगळा नाका म्हणणार, भारत खरा होता. आणि एखादा शहाणा विचारणार, बोर्ड तर इतकी वर्षं प्रभू मिस्त्रीकडंच होता, त्याला कसं कळलं नाही?

तीन दिवस तो सगळ्यांवर भुंकला. चौथ्या दिवशी डबा काढला. त्याला दया आली असं कुणाला वाटत असेल तर घाई करू नका. त्यानं स्वतःला जे सांगितलं ते असं होतं: दादाचा हात मेलेला आहे, तो शंभरावर मरेल, आणि ते मला डोळ्यांनी पाहायचं आहे. शिवाय माझ्या बोर्डाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

तीनच्या सुमाराला तो हॉटेलात शिरला. चहा पिणारी दोन माणसं त्याला पाहून ग्लास अर्धे ठेवून उठली, काही घडलंच तर बाहेरून दिसावं म्हणून. भारत पेटीसमोर खुर्चीवर होता. एकोणसाठ वर्षांचा, दिसायला सत्तरचा. वाकड्या तोंडातून शब्द सावकाश आले.

“शटर... उघडं टाकून आला का?”

“माजं दुकान. मी पाहीन.”

एवढीच सत्तावीस वर्षांनंतरची विचारपूस. प्रभूनं पेटीची मागची फळी उघडली. आत उंदरांची घरटी, कोळ्याची जाळी सापडेल असं त्याला वाटलं होतं. आत सगळं पुसलेलं होतं. वायरी सुतळीनं नीट बांधलेल्या, नळीवर बोट फिरवलं तर बोट कोरडं आणि स्वच्छ. कुणीतरी दर वर्षी हे उघडत होतं. प्रभूला त्या सुतळीचा राग आला. त्यानं बोर्ड बसवला, पिना घासल्या, स्विच दाबला. चित्र आधी वर सरकत राहिलं, मग त्यानं मागून एक स्क्रू पिळला आणि ते थांबलं. वरच्या बाजूला पाच शून्यं, आणि त्याखाली अळ्यांच्या रांगा.

रागिणीनं बापाचा उजवा हात उचलून दांडीवर ठेवला. बटण त्यानं डाव्या हातानं दाबायचं ठरलं. पहिला डाव सत्तरवर संपला. दुसरा चाळीसवर. तिसऱ्यात गाडी जागची हललीच नाही. लाळ हनुवटीवर आली, रागिणीनं ती पदरानं पुसली, तरी भारतनं पडद्यावरची नजर काढली नाही. दांडीवरून हात घसरला की तो डाव्या हातानं उजवा उचलायचा, परत दांडीवर ठेवायचा. चौथ्या डावात गाडी चार बोटं डावीकडं सरकली आणि दोन अळ्या मेल्या. रागिणी घशातल्या घशात “व्हय बाबा” म्हणाली.

प्रभू हेच पाहायला आला होता. मनासारखं सगळं समोर होतं आणि त्याला त्याची किळस आली. भावाची नाही, स्वतःची. पाचवा डाव संपला, पडद्यावर पुन्हा पाच शून्यं उभी राहिली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं.

“लाखानंतर शून्यावर येतं.”

रागिणीनं वळून पाहिलं. भारतनं पाहिलं नाही.

“दोन हजार दोन साली मी टेबलावर लावून पाह्यलं,” प्रभू म्हणाला. आवाज चढलेला होता, जणू शिव्याच देतो आहे. “मी सवता केला लाख. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वदच्या म्होरं शून्य. तू म्हनला व्हता तसंच. तू खरा व्हता दादा. मला ठाऊक व्हतं आन् म्या सांगितलं न्हाई.”

बाहेरची दोन माणसं दारापाशी सरकली. रागिणीनं हातातला ग्लास बाकावर ठेवला. “दोनमध्ये,” ती म्हणाली. “आई पंधरात गेली.”

भारतच्या छातीतून एक आवाज आला. खोकला असेल असं वाटलं, पण तो हसत होता, तोंडाच्या एकाच बाजूनं. हसून झाल्यावर त्यानं भावाकडं तोंड फिरवलं. त्याला वेळ लागला.

“परभ्या,” तो म्हणाला, “मी खोटंच बोललो व्हतो.”

प्रभूला वाटलं, लकव्यानं बोलणं बिघडलं आहे. “काय?”

“एकेचाळीस हजार केले व्हते त्या दिशी. लाख... न्हाई केला. कवाच न्हाई.” प्रत्येक शब्द तो ओढून बाहेर काढत होता, पण डोळे शांत होते. “शून्यावर येतं हे... हैदराबादच्या दुकानदारानं सांगितलं व्हतं. तू ट्रकवर... दोर बांधून राहिला व्हता. माझ्या हाटेलात... तुझा गेम, तुझा गेम. आठ साल ऐकलं. म्हनलं, एक दिस आपलं नाव. उद्या पुसून टाकू.”

“मंग पुसलं काहून न्हाई?”

“तू ठेवलं का पुसायला?” भारत म्हणाला. “पंचवीस मानसायम्होरं... तू पुसलं.”

प्रभूच्या अंगातून काहीतरी सुटलं. बावीस वर्षांचं ओझं फुकट वाहिलं होतं. तो बरोबर होता, पहिल्या दिवसापासून बरोबर होता. भाऊ खोटारडा होता. “म्हंजी मी म्हनत व्हतो तेच खरं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जुना झाला, दुकानातला. “खोटारडाच तू. वहिनीला लेकराची आन घ्यायला लावली.”

“व्हय. खोटारडा.” भारतनं मान हलवली. मग तो पुढं वाकला, इतका की खुर्चीतून पडेल म्हणून रागिणीनं खांदा धरला. “मी एक दुपार खोटं बोललो आन् मंग भ्यालो. तू मला खरा समजत व्हता. खरा समजून... बावीस साल... खोटारडा म्हनू देलं. आता सांग, आपल्यात मोठा खोटारडा कोन.”

प्रभूजवळ जगातल्या प्रत्येक माणसासाठी एक शिवी तयार असते. त्यानं शोधली. एकही सापडली नाही. त्याला वाटलं, भाऊ चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

रागिणी दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती. रडत नव्हती. “माझी माय मरेस्तोवर भांडत व्हती तुमच्यासाठी,” ती बापाला म्हणाली. “शेजारीन बोलली तर तिच्या घरी सात साल गेली न्हाई.” मग काकाकडं वळली. “आन् तुमी पाठ करून ऐकत बसले.”

भारतचा हात दांडीवरून मांडीवर घसरला होता.

“आता दोघं बी गप बसा,” ती म्हणाली. “मला हा हात हलता पायजे. बाकी तुमचं तुमी चुलीत घाला.” तिनं बापाचा हात पुन्हा दांडीवर ठेवला, जरा जोरातच. “खेळा.”

डाव सुरू झाला. प्रभू उठायला लागला.

“तुमी कुठं चालले? पेटी बंद पडली तर कोन पाहील?”

प्रभू बसला. जायला तोंड नव्हतं म्हणून बसला. त्याच्यापुढं कुणी चहा ठेवला नाही. समोर रस्त्यापलीकडं त्याचं उघडं दुकान दिसत होतं, आणि ती रिकामी खुर्ची. या बाजूनं तो तिला पहिल्यांदाच पाहत होता.

त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता आणि तो थांबवता येत नव्हता. दोन हजार दोनच्या त्या सकाळी तो खरकट्या पाण्यावरून पाऊल टाकून आत आला असता, तू खरा होतास असं म्हणाला असता, तर भारतनं तेव्हाही हेच सांगितलं असतं. आज सांगितलं तसंच, तेव्हाही. मग यशोदाबाई दोघांनाही झाडूनं बडवून मोकळी झाली असती, आणि पुढची तेरा वर्षं तिला कुणाशी भांडावं लागलं नसतं.

भारतचा डाव नव्वदवर संपला. रागिणीनं हात उचलून पुन्हा ठेवला.